फायरवॉल बंद केल्याने घरचा कॉम्प्युटर लागत नाही

एक मेसेज महिनाभरात माझ्याकडे तीनदा आला. एकदा सोसायटीच्या ग्रुपवरून, दोनदा नातेवाइकांकडून. मजकूर असा: 'ऑफिसातून घरचा कॉम्प्युटर चालवायचाय? रिमोट डेस्कटॉप ऑन करा, राउटरमध्ये 3389 पोर्ट उघडा. तरी लागत नसेल तर फायरवॉल बंद करा, एनएलएची टिक काढा, पासवर्डही काढून टाका. हॅकरची भीती असेल तर पोर्टचा नंबर बदला. 100 टक्के चालतं.'

चालत नाही. पहिल्याच वाक्यापासून बघू. विंडोजच्या होम आवृत्तीवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर जाता येतं, पण विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपने होमवर बाहेरून येता येत नाही. त्यासाठी प्रो लागते. माझ्या मावसभावाने हा मेसेज वाचून अख्खा रविवार राउटरशी झटापट केली. संध्याकाळी मी त्याला सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट उघडायला लावलं. तिथे स्वच्छ 'होम' लिहिलेलं.

आता पोर्ट, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडणीचं नंबर दिलेलं दार. रिमोट डेस्कटॉपचं दार 3389. राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर वॅनसमोर, म्हणजे इंटरनेटच्या बाजूला, जो पत्ता दिसतो तो कागदावर लिहा, मग गूगलवर आपला आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, शोधा. दोन्ही जुळत नसतील, किंवा राउटरवरचा आकडा 100.64 ते 100.127 मधला असेल, तर इंटरनेटवाल्याने एकाच पत्त्यामागे बरीच घरं बसवलेली आहेत. याला सीजीनॅट म्हणतात. ही पत्त्यांची पट्टी 2012 मध्ये खास त्यासाठीच राखून ठेवली. अशा घरात पोर्ट कितीही उघडा, पाहुणा सोसायटीच्या गेटवरच अडलेला असतो आणि तुम्ही वर फ्लॅटचं दार सताड उघडं टाकून त्याची वाट बघत बसता.

फायरवॉल, म्हणजे नको ती जोडणी अडवणारा पहारेकरी, त्याबद्दल फार बोलायला नको. रिमोट डेस्कटॉप ऑन केलं की विंडोज स्वतःच त्यापुरती वाट मोकळी करतं. वेगळा अँटिव्हायरस असेल तर त्याची फायरवॉल तेवढी तपासा.

पासवर्ड काढण्याचा सल्ला तर गमतीचाच. खात्याला पासवर्ड नसेल तर विंडोज बाहेरून येणारं लॉगिन मुळात नाकारतं, म्हणजे जे हवंय तेच बंद पडतं. खरी अडचण वेगळी असते. रोज आपण चार आकडी पिन टाकतो, आणि पिन त्या मशीनपुरताच. रिमोटला मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड लागतो, जो कुणाच्याच लक्षात नसतो.

एनएलए म्हणजे ओळख पटल्याशिवाय लॉगिनचा पडदासुद्धा दाखवायचा नाही. मे 2019 मध्ये ब्लूकीप नावाचं भगदाड उघडकीला आलं, पासवर्डशिवाय जुन्या विंडोजमध्ये शिरता येईल असं. प्रकरण इतकं गंभीर होतं की मायक्रोसॉफ्टने 2014 मध्येच सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीही पॅच, म्हणजे दुरुस्ती, काढला. एनएलए चालू असेल तर त्या भगदाडातून यायला आधी चालू खातं लागायचं. तीच टिक हा मेसेज काढायला सांगतोय.

आणि पोर्टचा नंबर बदलणं? पोर्ट एकूण 65,535. यंत्रं ते सगळे चाचपू शकतात, कंटाळत नाहीत. मी एकदा रिकाम्या जुन्या कॉम्प्युटरचा 3389 मुद्दाम रात्रभर उघडा ठेवला होता. सकाळी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत 4625 या नंबरच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदींची रांग लागलेली: ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, यूजर, टेस्ट, परत ॲडमिनिस्ट्रेटर. नंबर बदलला की ही गर्दी कमी होते, इतकंच.

मेसेजमध्ये नाही ते हे, की अडतंय कुठे ते आधी शोधावं. घरातल्याच वायफायवर दुसऱ्या लॅपटॉपवरून त्या कॉम्प्युटरच्या 192.168 वाल्या, म्हणजे घरातल्या घरात चालणाऱ्या, पत्त्यावर जोडून बघा. तिथेच लागत नसेल तर राउटर बिचारा निर्दोष आहे. घरात लागतं, मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून लागतं, पण ऑफिसच्या नेटवरून नाही, तर ऑफिसने बाहेर जाणारा 3389 अडवला आहे. तिथे आयटीवाल्यांना विचारा. चोरवाटा काढून नोकरीवर पाणी सोडू नका.

मावसभावाला मी क्रोम रिमोट डेस्कटॉप लावून दिलं, त्याच्या आयटीची परवानगी घेऊनच. यात घरचा कॉम्प्युटर स्वतःहून बाहेर जोडणी करतो, त्यामुळे पोर्ट उघडावा लागत नाही, सीजीनॅट आड येत नाही आणि होम आवृत्तीही चालते. प्रोवाल्यांनी टेलस्केल, म्हणजे आपल्याच उपकरणांना खाजगी नेटवर्कने जोडणारं ॲप, लावून त्यातून रिमोट डेस्कटॉप वापरावं. स्लीप मात्र बंद ठेवायला हवं, झोपलेला कॉम्प्युटर उत्तर देत नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला त्याचा फोन. 'दादा, लागत नाही.' स्लीप बंद, नेट चालू, पासवर्ड बरोबर. शेवटी घरी फोन लावला. मावशीने पूजा आटोपल्यावर 'उगाच लाइट कशाला जाळायची' म्हणून बोर्डावरचं बटणच खाली केलं होतं.