ट्रॉलीच्या हुकाच्या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू वाचला. उसाच्या सीझनच्या तोंडावर हूक सर्व्हिसिंगचे ४५० रुपये घेतले, नुसतं ग्रीस फासून दिलं, वीस दिवसांत हूक खडखडायला लागला. परत आणला तर पिन (ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणारा जाड खिळा) आणि कडी (दांडीच्या टोकाची, जिच्यात ती पिन जाते) दोन्ही बदला म्हणाले, शेजारच्या गावात झिजलेल्या पिनवर वेल्डिंगचा भर घालून देतात ते करायला नकार दिला, पोरगा उद्धट बोलला आणि ट्रॉली दोन दिवस अडकून पडली, असं तुम्ही लिहिलंय. एक स्टार.

यातलं बरंचसं खरं आहे.

दसऱ्याच्या आठवड्यात दुकानासमोर चौदा ट्रॉल्या उभ्या होत्या. कुणाचं टर्नटेबल (पुढची चाकं वळवणारी चकती), कुणाच्या हबचं बेअरिंग, कुणाला मागं रेडियम लावून पाहिजे. तुमच्या ट्रॉलीला पोरानं टर्नटेबलच्या निप्पलना, म्हणजे ग्रीस भरायच्या तोट्यांना, ग्रीसगन मारली ती बरोबर मारली. पण हुकाला त्यानं जुना चिखल न काढता वरूनच हातानं ग्रीस थापलं. हे मी नंतर त्याच्याकडूनच काढून घेतलं. काळ्या रानातली माती आणि जुनं ग्रीस एक झालं की व्हॉल्व्ह घासायला लावतो ना, तसली पेस्ट तयार होते. त्यावर नवीन ग्रीस म्हणजे त्या पेस्टला अजून पातळ करून आत सरकवणं. आधी डिझेल आणि तारेचा ब्रश, मग कोरडं फडकं, लोखंड उघडं दिसलं की मगच ग्रीस. एवढं साधं काम आमच्याकडून झालं नाही. ते ४५० रुपये परत घेऊन जा, वाद नाही.

दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी. तुमच्या ड्रायव्हरनं परत आणली तेव्हा मी स्वतः पिन काढून पुसली आणि जाडी मोजायला व्हर्नियर लावला. डोक्याखाली, जिथं कडी घासत नाही तिथं ३२ मिलिमीटर. मधे, ओढ बसते तिथं २७.४. तीही एकाच बाजूनं खाल्लेली, बोट फिरवलं तर खाच लागते. कडीचं भोक अंड्यासारखं लांबट झालेलं. दोन्ही मिळून सेंटिमीटरभर खेळ, म्हणजे ढिलेपणा. वीस दिवसांत एवढी झीज होत नाही दादा, म्हणजे दसऱ्याला आली तेव्हाच ती झिजलेली होती. जाड ग्रीसनं थोडे दिवस आवाज दाबला आणि तुम्हाला वाटलं काम झालं. पिन तेव्हाच मोजायला पाहिजे होती. ग्रीसनं पुढची झीज कमी होते, गेलेलं लोखंड भरून येत नाही.

आता भर घालण्याचं. ते मी करणार नाही, आणि त्यासाठी एक स्टार राहिला तरी चालेल. पिनचं पोलाद कडक असतं. त्यावर वेल्डिंग केलं की भराच्या कडेचा पट्टा तापून ठिसूळ होतो आणि भेग तिथूनच धरते. वर ग्रीस असलं तर ती दिसतही नाही. लेथवर घासून वरून अगदी नव्यासारखी करून देतील, पण तुटायची तिथंच तुटणार. सळईचा तुकडा तापवून वाकवून घालतात तेही तसंच. तुमच्या मागं दोन ट्रॉल्या असतात. मागच्या ट्रॉलीची पिन एकाच ट्रॉलीची ओढ घेते, ट्रॅक्टरची पिन दोन्हींची. त्यात ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही, म्हणजे ट्रॅक्टर थांबला की अख्खा ऊस मागून येऊन पिनवर आदळतो आणि परत निघताना झटका. खेळ जेवढा जास्त तेवढा दणका मोठा. उतारावर, रात्री, मागं मोटारसायकलवाला असताना ती पिन गेली तर काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

अजून एक, जे तुम्ही लिहिलेलं नाही पण मला दिसलं. पिन निसटू नये म्हणून लावायच्या लॉकपिनच्या जागी बायंडिंगची तार होती. आणि साखळी होती ती त्याच पिनमध्ये अडकवलेली! पिन निसटली की साखळीही तिच्याबरोबरच जाणार, मग ती लावली कशाला? साखळी ट्रॅक्टरच्या बॉडीला वेगळ्या जागी धरली पाहिजे, वळताना ताणणार नाही एवढी सैल, पण रस्त्याला घासणार नाही एवढी वर. लॉकपिन मी तेव्हाच बसवून दिली आहे, तिचे पैसे लावलेले नाहीत.

ट्रॉली दोन दिवस राहिली कारण कडी दांडीवरून कापून नवीन बसवायची तर तुमची परवानगी पाहिजे होती. आम्ही ड्रायव्हरला सांगितलं, त्यानं तुम्हाला सांगितलंच नसावं. फोन तुम्हालाच करायला हवा होता. यापुढं बिलावर नुसतं ‘हूक सर्व्हिस’ लिहिणार नाही, पिनचं माप लिहून देणार. पोराला बोललोय. तुमचा ड्रायव्हरही त्या दिवशी काही कमी बोलला नव्हता, पण तो गिऱ्हाईक, आमच्या पोरानं गप्प बसायला पाहिजे होतं.

ग्रीस किती दिवसांनी, असंही तुम्ही विचारलंय. सीझनमध्ये महिन्या-पंधरा दिवसांचा हिशोब धरू नका. कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत तासन् तास उभं राहावं लागतं, तेव्हा ड्रायव्हरला मोबाइल बाजूला ठेवून पिन काढायला सांगा. पुसायची, खाच वाढली का बघायची, कडीच्या वेल्डिंगजवळ केसासारखी भेग आहे का बघायची, बोटभर ग्रीस लावून परत घालायची. दहा मिनिटांचं काम. ओल्या रानातून निघालं की त्या दिवशी तर नक्कीच. आणि जळकं ऑईल ओतू नका, ते चार किलोमीटरमध्ये गळून जातं आणि खाली धूळ धरून बसतं.

नवीन पिन आणि कडी मी आणून ठेवलीय, मालाचे पैसे द्या, मजुरी घेणार नाही. सकाळी नऊच्या आत आणलीत तर दुपारच्या खेपेला गाडी मोकळी होईल. जुनी पिन काढली की हातात घेऊन बघा. आणि येताना मागच्या ट्रॉलीची पिनही काढून आणा, तीही मोजायची राहिलीय.