कमी मीठ हे श्रीमंतांचं पथ्य आहे का?

‘मीठ कमी करा’ हा सल्ला गरिबांसाठी नाहीच, अशा अर्थाचा एक मजकूर व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कमी मिठाचं खाणं म्हणजे सॅलड, ऑलिव्ह तेल आणि महागडी पाकिटं. साधं पांढरं मीठ विष, त्याऐवजी सैंधव घ्या, त्याने बीपी वाढत नाही. घाम गाळणाऱ्याने मीठ कमी केलं तर चक्कर येऊन पडेल. आणि मीठ तोडलं की आयोडीन कमी पडून गलगंड होतो.

आधी खर्चाचं बघू. हा मुद्दा परदेशातून उचललेला दिसतो. अमेरिका-ब्रिटनमध्ये सोडियम, म्हणजे मिठातला बीपी वाढवणारा भाग, मुख्यतः डबाबंद आणि तयार पदार्थांतून पोटात जातं, तिथे ‘कमी सोडियम’ छापलेला डबा महाग पडत असेल. आपल्याकडे बरंचसं मीठ घरातल्याच हाताने पातेल्यात पडतं. ते कमी टाकायला पैसे लागत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही पुरता नाही. चौघांच्या घरात दिवसाचे 20 ग्रॅम धरले तर किलोची पुडी 50 दिवस चालायला हवी. तुमच्याकडे किती दिवस चालते? महिन्यात संपत असेल तर माणशी आठ ग्रॅमच्या वर जातंय. (लोणची घालायचा महिना सोडून द्या.) शिवाय बाहेरचा वडापाव, फरसाण आणि विकतचे पापड या पुडीच्या हिशोबात आलेलेच नाहीत.

हे मीठ जातं कुठे? कणकेत, भाताच्या आधणात, आमटीत, भाजीत, कोशिंबिरीत, आणि वर ताटात डाव्या बाजूला चिमूटभर. ज्वारी-बाजरीची भाकरी आपण पिढ्यान्‌पिढ्या बिनमिठाची खातो, तिला कुणी अळणी म्हणत नाही. मग पोळीच्या कणकेत मीठ कशाला? भातावर आमटी पडणारच आहे, तर आधणात कशाला? माझ्या मते पहिली कात्री इथेच लावावी, कारण जिभेला ती सहसा कळतही नाही.

या दाव्यात एक गोष्ट मात्र खरी आहे. भाजी पुरेशी नसली की भाकरी घशाखाली उतरवायला ठेचा, लोणचं, खारा बांगडा लागतो. मीठ ही बाजारातली सगळ्यात स्वस्त चव. अशा घराला ‘फळं खा’ सांगणं म्हणजे क्रूर चेष्टा. पण ठेच्यात मीठ निम्मं करून लसूण आणि भाजलेले शेंगदाणे वाढवता येतात. कारळाची किंवा जवसाची चटणी कमी मिठातही खमंग लागते. लिंबू, कैरी, चिंच यांच्या आंबटपणाने मीठ कमी असल्याचं जाणवत नाही. इथे एक खोच आहे: आमसुलं खारवलेली असतात, आगळात तर भरपूर मीठ असतं, आणि वर्षाची चिंचही बऱ्याच घरी मीठ लावूनच ठेवतात. म्हणून आमटीत आधी आमसूल, मग उकळी, मग चव बघून मीठ. खारवलेली मासळी पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिलं की बराच खार निघून जातो.

पापडात मिठाशिवाय पापडखार असतो, आणि सोडियम त्यातही असतं. पाच-दहा रुपयांच्या वेफर्स आणि नूडल्सच्या पुड्यांवर सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये छापलेला असतो. त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं: 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ. पुडी घेतली नाही तर पैसे वाचतातच. घेतलीच तर नूडल्सचा मसाला अर्धाच टाका.

आता सैंधव. गुलाबी असो की पांढरं, ते जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं. पादेलोणाचंही तेच. त्यात ‘84 खनिजं’ असल्याचं सांगतात; असतील, पण इतकी किरकोळ की मूठभर शेंगदाण्यांत त्याहून जास्त मॅग्नेशियम मिळतं. किंमत मात्र साध्या मिठाच्या कितीतरी पट. ज्याला खर्च परवडत नाही म्हणून गळा काढायचा, त्यालाच हे विकत घ्यायला सांगायचं, याला काय म्हणावं!

घामाचा मुद्दा अर्धा खरा आहे. उन्हात ऊस तोडणाऱ्याचं, वीटभट्टीवर राबणाऱ्याचं सोडियम घामावाटे बरंच जातं, त्याने अंदाधुंद मीठ तोडू नये. पण त्याचीही झीज एरवी दोन वेळच्या जेवणातून भरून निघते. फार घाम जाऊन गळून गेल्यासारखं वाटलं तर ओआरएस आहे. आणि हा मजकूर ज्यांच्याकडून येतो त्यांतले बहुतेक जण दिवसभर पंख्याखाली बसलेले असतात.

आयोडीनसाठी मीठ जास्त नको, आयोडीनयुक्त मीठ हवं. सैंधव आणि सुटं खडेमीठ यांत बहुधा ते नसतं, म्हणजे गलगंडाची भीती घालणारेच आयोडीन काढून घेतायत.

खरोखर कमी सोडियमचं मीठही मिळतं, त्यात थोडं पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असतं. चीनमधल्या 600 गावांत असं मीठ वापरून पाहिलं, त्यात पक्षाघाताचं प्रमाण 14 टक्क्यांनी कमी आढळलं. तो अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम अंगाशी येऊ शकतं. ते मीठ आणण्याआधी डॉक्टरांना विचारा. कणकेतलं मीठ काढायला कुणाला विचारावं लागत नाही.