एआयला सूचना देताना आपल्या बागेचे शब्द द्या

एआयला द्यायच्या तयार सूचनांची एक लांबलचक यादी सध्या व्हॉट्सॲपवर फिरते आहे. ‘तू जगातला सर्वोत्तम तज्ज्ञ आहेस’ अशी तिची सुरुवात होते आणि माझ्या ओळखीतल्या अनेकांनी ती जशीच्या तशी सेटिंग्जमध्ये चिकटवून टाकली आहे. माझे स्पष्ट मत आहे की अशा उसन्या सूचनांनी काम सुधारत नाही. आपण रोज ज्या चुका दुरुस्त करतो, त्या दुरुस्त्यांमधूनच उपयोगी सूचना तयार होतात आणि त्या ज्याच्या त्यालाच लिहाव्या लागतात.

सेटिंग्जमध्ये कायमच्या सूचना लिहून ठेवण्याची ही सोय चॅटजीपीटीमध्ये जुलै २०२३ मध्ये आली. सुरुवातीला तिथे दोन चौकटी होत्या: एकीत स्वतःविषयी सांगायचे, दुसरीत उत्तर कसे हवे ते लिहायचे, आणि प्रत्येकीला १,५०० अक्षरांची मर्यादा होती. इतर सहाय्यकांमध्येही आता अशी सोय आहे. आपण लिहिलेला मजकूर प्रत्येक नव्या संभाषणाच्या आरंभी आपोआप जोडला जातो. त्यातून एआय काही कायमचे शिकत नाही, दर वेळी तो मजकूर नव्याने वाचतो. म्हणून तिथला प्रत्येक शब्द नेमका असणे फार महत्त्वाचे आहे.

मी द्राक्ष बागायतदारांसाठी सल्लापत्रके लिहितो. एप्रिलच्या पत्रकासाठी पहिल्यांदा एआयकडून मसुदा घेतला, तेव्हा वेलींची छाटणी हिवाळ्यात, त्या सुप्तावस्थेत असताना करावी, असे उत्तर आले. थंड प्रदेशांसाठी ते बरोबरच आहे. नाशिक-सांगलीकडे मात्र वेल तशी झोपत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, त्यानंतर फुटलेल्या काड्यांवर सूक्ष्म घडनिर्मिती होते, म्हणजे डोळ्यांच्या आत घड तयार होतात, आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी घेऊन ते घड बाहेर काढले जातात. ‘सर्वोत्तम तज्ज्ञ’ म्हटल्याने एआयला हे कळणार नव्हते. ‘आमच्याकडे छाटणी वर्षातून दोनदा होते, खरड एप्रिलमध्ये आणि गोडी ऑक्टोबरच्या आसपास’ ही एक ओळ लिहिली आणि पुढचा मसुदा आमच्या बागेत आला.

भाषेचा प्रश्न याहून अवघड होता. मी आधी ‘इंग्रजी शब्द वापरू नकोस’ असे लिहिले होते. त्यावर द्राक्षावरच्या रोगांपैकी डाउनी मिल्ड्यूचे ‘मृदुरोमिल आसिता’ झाले आणि पावडरी मिल्ड्यूचे ‘चूर्णिल आसिता’. हे शब्द हिंदीतल्या कृषी पुस्तकांतले आहेत. आमचा बागायतदार डावणी आणि भुरी म्हणतो. ठिबक सिंचनातल्या ड्रीपरलाही कुठलासा संस्कृत पोशाख चढवण्यात आला होता. चूक माझ्या सूचनेची होती, कारण काय नको एवढेच मी सांगितले होते आणि काय हवे ते सांगितलेच नव्हते. आता तिथे असे लिहिले आहे: ‘वाचक द्राक्ष बागायतदार आहेत. डावणी, भुरी, करपा, ड्रीपर, व्हेंच्युरी हे त्यांचे रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत, तेच वापर. वाचकाला तुम्ही म्हण. आपण म्हणू नकोस, कारण मराठीत त्याचा अर्थ आपण सगळे असाही होतो.’ सूचनेबरोबर कारण दिले की ज्या प्रसंगाचा मी विचारही केला नव्हता तिथेही उत्तर बरेचदा योग्य येते, असा माझा अनुभव आहे.

एका बाबतीत मी अजिबात सैल सोडत नाही. खताचा हेक्टरी आकडा एकरी म्हणून छापला गेला तर मात्रा जवळपास अडीचपट होते, आणि औषधाच्या बाबतीत तर पीक आणि माणूस दोन्ही धोक्यात येतात. म्हणून ‘मात्रा आणि काढणीपूर्व कालावधी स्वतःहून लिहू नकोस, तिथे रिकामी जागा सोड’ अशी सूचना आहे. काढणीपूर्व कालावधी म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस. त्या जागा मी औषधाचे लेबल आणि पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशी पाहून स्वतः भरतो. तरीही संभाषण लांबले की कधी कधी आकडे घुसतात. अशा वेळी मी नवे संभाषण उघडतो.

सूचनांमध्ये दुसऱ्यांची माहिती घालू नये, हेही कळकळीने सांगावेसे वाटते. एका परिचितांनी सोय म्हणून आपल्या गटातील शेतकऱ्यांची नावे, फोन क्रमांक आणि जमिनीचे गट क्रमांक तिथे भरले होते. त्या शेतकऱ्यांना कोणी विचारले नव्हते. मी सांगितल्यावर त्यांनी ते सगळे काढले, आणि त्यांच्या पत्रकांचे त्यावाचून काही अडलेले नाही.

बागेच्या सूचना आता मी वेगळ्या प्रोजेक्टमध्ये, म्हणजे एकाच कामाच्या संभाषणांसाठीच्या स्वतंत्र कप्प्यात ठेवतो, कारण त्या सर्वसाधारण सेटिंग्जमध्ये असताना मुलीच्या भूगोलाच्या प्रश्नालाही द्राक्षाचेच उदाहरण येऊ लागले होते. प्रत्येक छाटणीआधी मी त्या पुन्हा वाचतो. यंदा दोन जुन्या ओळी काढल्या आणि एक नवी घातली, जी मला एका जुन्या बागायतदाराने फोनवर सांगितली: ‘डावणीविषयी लिहिण्याआधी विचार, पाऊस थांबल्यावर पाने किती वेळ ओली राहिली.’