‘त्या काळी असंच चालायचं’? टस्कीगीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. टस्कीगीचा प्रयोग, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस हा गुप्तरोग झालेल्या काळ्या पुरुषांना उपचाराविना ठेवून रोग पुढे कसा जातो हे पाहिलं तो, आजच्या मोजपट्टीने मोजू नये आणि त्या गरीब काळ्या शेतमजुरांना निदान फुकट तपासणी तरी मिळाली, असं तुम्ही म्हणता. शिवाय मुंबईत प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिननेही ती कैद्यांना टोचली होती, असा दाखला दिलाय.

१९३२ साली, प्रयोग सुरू झाला तेव्हा, सिफिलिसवर पारा आणि सोमलाची लांबलचक, त्रासदायक औषधं होती. तेवढ्यापुरतं तुमचं म्हणणं मान्य. पण १९४७च्या सुमारास पेनिसिलिन हा रुळलेला उपचार झाला होता आणि प्रयोग चालला १९७२पर्यंत! ३९९ आजारी पुरुषांना ‘रक्त खराब आहे’ एवढंच सांगितलं गेलं. महायुद्धात सैन्यभरतीच्या तपासणीत यांच्यापैकी काहींचा रोग उघड झाला, उपचार घ्या असं सांगण्यात आलं. तेव्हा सरकारी आरोग्य खात्याने त्यांची नावं देऊन त्यांना उपचारातून वगळायला लावलं. ही रीत नव्हे, याला खटपट म्हणतात.

आणि रीतच पाहायची तर १९०० साली क्यूबात पीतज्वराच्या प्रयोगांसाठी अमेरिकी लष्करातल्या डॉक्टर वॉल्टर रीडने माणसांकडून लेखी करार घेतले होते. १९४७ साली जर्मनीत न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी डॉक्टरांना दोषी ठरवून ‘स्वेच्छेने दिलेली संमती’ ही माणसांवरच्या प्रयोगांची पहिली अट लिहिणारे न्यायाधीश अमेरिकनच होते. टस्कीगीचे निष्कर्ष १९३६पासून वैद्यकीय नियतकालिकांत राजरोस छापून येत होते. लपवालपवी होती ती रुग्णांपासून. १९६५ साली अर्विन शॅट्झ या तरुण डॉक्टरने असा एक लेख वाचून संतापून पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. तोही ‘त्या काळचा’च माणूस ना?

आता फुकट तपासणी. पाठीच्या कण्यातलं पाणी तपासणीसाठी काढायला बोलावताना ‘खास मोफत उपचाराची शेवटची संधी’ असं पत्र धाडलं होतं. त्यात उपचार काहीच नव्हता, फक्त सुई होती. अंत्यविधीचा खर्च मिळायचा, पण शवविच्छेदनाला परवानगी दिली तरच.

हाफकिनचं म्हणाल, तर १० जानेवारी १८९७ला त्याने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या तयार झालेल्या कैद्यांना दिली. कैद्याचा होकार कितपत मोकळा असतो, ही तुमची शंका मलाही आहे. पण तिथे माणूस वाचतो का हे पाहायचं होतं. टस्कीगीत उपचाराविना रोग माणसाचं काय करतो, हे त्याच्या प्रेतापर्यंत पाहायचं होतं. दोघांना एका पंगतीत कसं बसवायचं?

जाता जाता: त्या लोकांना मुद्दाम जंतू टोचले, असं जे तुम्ही लिहिलंय, ते टस्कीगीत घडलं नाही. ते ग्वाटेमालात, १९४६ ते ४८मध्ये. तिथल्या प्रयोगांचा प्रमुख होता अमेरिकी डॉक्टर जॉन कटलर, आणि पुढे टस्कीगीच्या कामातही हाच होता.