स्वीकारा किंवा नाकारा

आमच्या घरी पाहुण्याच्या आधी त्याचा फोटो पोहोचतो. गेटवरचे वॉचमनमामा मोबाइल पोटाशी धरून खालून वर फोटो काढतात, त्यामुळे माणसाच्या नाकपुड्या आणि मागचं आभाळ तेवढं स्पष्ट येतं. फोटोखाली दोन बटणं. हिरवं ‘स्वीकारा’, लाल ‘नाकारा’. सख्ख्या साडूला नुसत्या नाकपुड्यांवरून ओळखायची विद्या मला उतारवयात साध्य झाली, ती या गेटच्या ॲपच्या कृपेनं.

ॲपला धीर म्हणून नाही. तुम्ही दाताच्या डॉक्टरकडे आ वासून पडलेले असा नाहीतर वैकुंठात कुणाला पोहोचवायला गेलेले असा, कोथिंबिरीची जुडी घेऊन आलेल्या पोराला आत सोडायचं की नाही, हे त्याला आत्ताच्या आत्ता हवं असतं. मी उचललं नाही तर ते बायकोला वाजतं. तिनंही नाही उचललं तर बंगळुरात नोकरीला असलेल्या मुलाला. तो भर मीटिंगमधून सिंहगड रोडवरच्या कोथिंबिरीला परवानगी देतो. दिवाळीत एकदा तिघांपैकी कुणाचाच फोन लागला नाही, तेव्हा माझे सासरे मामांच्या स्टुलावर बसून राहिले. वर आले ते कुणाच्या मुलीचं ठरलंय, कुणाचा मेंटेनन्स थकलाय आणि सी विंगमधला कुत्रा कुणाला चावला, हे सगळं घेऊन. आम्ही इतकी वर्षं इथे राहतोय, आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं.

याआधी गेटवर रजिस्टर होतं. सुतळीनं बांधलेलं बॉलपेन, तेही पुठ्ठ्यावर चांगलं गिरवल्याशिवाय उठायचं नाही. नाव, फ्लॅट, मोबाइल, वेळ, कामाचं स्वरूप, सही. कामाच्या रकान्यात सगळे जण ‘पर्सनल’ लिहीत, गॅस सिलिंडरवालासुद्धा. मोबाइलच्या जागी हात थकेपर्यंत नऊचा आकडा. वेळेच्या रकान्यात वरच्या माणसाची वेळ आणि त्याखाली पानभर ‘—"—’. नावाच्या जागी एकानं ‘मीच’ लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे. पावसाळ्यात पानं फुगायची, शाई पसरायची. त्या रजिस्टरात कुणी कधी काही शोधलं नाही, आणि शोधलं असतं तरी सापडलं नसतं. माझं प्रामाणिक मत असं, की या देशात माणसाचा खासगीपणा जेवढा राज्यघटनेनं राखला, तेवढाच तो गचाळ अक्षरानं राखला.

भोचकपणा तेव्हाही होता, आम्ही काही संतांच्या वस्तीत राहत नव्हतो. पण त्याला कष्ट पडायचे. समोरच्या काकूंना पाळत ठेवायची तर गॅलरीत उभं राहावं लागे. मग गुडघे दुखत, दूध उतू जाई, साडेआठची मालिका लागे. तेवढ्या फटीत माणसं आपापली आयुष्यं उरकून घेत. यंत्राला गुडघेच नाहीत.

ॲप आलं ते पहिल्या वर्षी फुकट म्हणून. आमच्याकडे फुकट गोष्टीवर चर्चा होत नाही, ती सरळ मंजूर होते. मग त्यात कामवाल्या मावशींची नोंद झाली. आत आल्या की सगळ्या घरांत फोन किणकिणतो, आणि त्या आधी कुणाच्या घरी गेल्या यावरून दोन मजल्यांत अबोला धरला जातो. मावशींना तारेही देता येतात. साडेतीन तारे आहेत त्यांना. दिवाळीचा बोनस मागितला म्हणून एका घरानं दोनच दिले, त्यानं सरासरी खाली आली. मी हे सांगितलं तेव्हा मावशींनी फडकं पिळता पिळता विचारलं, “आन् तुमाला तारे कुठं द्यायाचे?” ती सोय ॲपमध्ये नाही.

यंदा कमिटीनं पुढचं पाऊल उचललं. पायी येणाऱ्यांच्या गेटवर चेहरा ओळखणारं यंत्र. नोंदलेला चेहरा समोर आला की दांडा फिरणार, नाही तर नाही. हे फुकट नव्हतं, म्हणून विशेष सर्वसाधारण सभा. ‘गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तीस गणसंख्येची आवश्यकता राहणार नाही’ हे नोटीशीतलं वाक्य सगळ्यांना पाठ असल्यामुळे वेळेवर कुणीच येत नाही. रविवारी अर्ध्या तासानं पार्किंगमध्ये खुर्च्या भरल्या.

बँकेतून रिटायर झालेले काका पहिल्यांदा उठले. “ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, त्यानं घाबरायचं कशाला?” टाळ्या पडल्या. या वाक्याला आमच्याकडे नेहमीच टाळ्या पडतात, आणि त्या वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या कपाटाला कुलूप असतं. भाड्यानं राहणाऱ्या तिघींपैकी एक मुलगी मागच्या खांबाला टेकून उभी होती. तिनं विचारलं, “काका, तुमच्या फोनला लॉक आहे ना?”

“तो आमच्या हिच्यासाठी आहे,” काका म्हणाले. ‘ही’ दुसऱ्या रांगेत बसलेली होती.

मग वकीलबाई उभ्या राहिल्या. त्या उभ्या राहिल्या की चहावाल्याला थांबायला सांगतात. त्यांनी थेट खरक सिंगपासून सुरुवात केली. उत्तर प्रदेशातला हा गृहस्थ, दरोड्याच्या प्रकरणात धरला आणि पुराव्याअभावी सोडला. पण पोलिसांच्या वहीत नाव चढलं ते चढलंच. रात्री-अपरात्री हवालदार आणि गावचा चौकीदार त्याच्या दारावर थापा मारून तो घरात आहे का बघायचे. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६२ साली न्यायालयानं रात्रीच्या त्या भेटी बंद केल्या, मात्र खासगीपणाचा हक्क म्हणून घटनेत काही नाही, असंही सांगून टाकलं.

“तिथे चौकीदार दार वाजवायचा,” काका म्हणाले. “आपल्याकडे नुसता फोन वाजतो. ही प्रगतीच आहे.”

बाईंनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं आणि पुट्टस्वामींवर आल्या. कर्नाटक उच्च न्यायालयाचे हे निवृत्त न्यायमूर्ती, ऐंशी उलटलेली असताना २०१२ साली आधारविरुद्ध न्यायालयात गेले. त्या वयात आमच्याकडची माणसं फार तर पाण्याच्या वेळेविरुद्ध जातात. २४ ऑगस्ट २०१७ ला निकाल लागला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं. इथे सभेत खसखस पिकली, कारण आमचीही कमिटी नऊ जणांची आहे आणि टाकीला आतून कोणता रंग द्यायचा यावर तिचं अजून एकमत झालेलं नाही.

मला स्वतःला त्या निकालात सगळ्यात आवडतं ते वेगळंच. आणीबाणीत, १९७६ साली, माणसाच्या जगण्याच्या हक्कासाठीसुद्धा न्यायालयात जाता येणार नाही, असं म्हणणाऱ्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. ४१ वर्षांनी त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी तो निर्णय गंभीर चुकीचा होता असं निकालपत्रात लिहिलं. मराठी घरात वडिलांना उलट बोलायला असा आडवळणाचाच रस्ता लागतो. आधी न्यायमूर्ती व्हावं लागतं.

वकीलबाई आता रंगात आल्या होत्या. मावशींच्या नोंदणीला आधार कार्डाचा फोटो मागितला होता, त्यावर त्यांनी २०१८ चा आधारचा निकाल काढला आणि खासगी कंपनीला अशी सक्ती करता येणार नाही म्हणून बजावलं. मग डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्यात दंड किती? २५० कोटी रुपयांपर्यंत.

खजिनदार ताडकन उठले. सिंकिंग फंडातली शिल्लक त्यांना तोंडपाठ असते. २५० कोटींत ती किती वेळा जाते, याचा हिशेब त्यांच्या ओठांवर दिसत होता. कायद्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले असून मुख्य तरतुदी लागू व्हायला तिथून अठरा महिन्यांची मुदत आहे, हे ऐकल्यावरच ते खाली बसले आणि त्यांनी स्वतःहून चहावाल्याला खूण केली.

“पण हे चेहरे साठवणार कुठे?” खांबाजवळच्या मुलीनं विचारलं.

“सुरक्षित ठिकाणी,” सेक्रेटरी म्हणाले.

“म्हणजे कुठे?”

“कंपनीच्या माणसानं सांगितलंय तसं.”

“आणि बघणार कोण?”

“फक्त कमिटी.” हे उत्तर त्यांनी धीर द्यायच्या स्वरात दिलं. मुलीचा चेहरा पडला. कमिटी काय काय बघते, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं. गेल्याच आठवड्यात एका सभासदांनी तिला लिफ्टमध्ये गाठून ‘तुमच्याकडे रात्री अकराला कोणीतरी येतं’ असं सुनावलं होतं. तो पिझ्झा होता. तो दोन मिनिटांत परत गेल्याची नोंद त्याच ॲपमध्ये आहे, पण तेवढं खाली कुणी वाचत नाही.

सभा अशीच चहावर संपली असती. पण दुसऱ्या रांगेतून ‘ही’ उठल्या. हातात मोबाइल. “यंत्र पाहिजेच,” त्या म्हणाल्या, “मला या ॲपचा फार उपयोग होतो.” आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. सोमवार, सहा वाजून दहा मिनिटांनी बाहेर, आठ पंचावन्नला आत. मंगळवार, सहा पाचला बाहेर, नऊ दहाला आत. “कॅनॉलपर्यंत जाऊन यायला चाळीस मिनिटं पुरतात. शुगर आहे यांना. वजन वाढतंय. मी विचारते, हे दोन तास माणूस चालतो कुठे?”

काका गप्प. चौकातल्या अमृततुल्यशेजारी सकाळी गरम जिलबी निघते, हे सभेतल्या सगळ्या पुरुषांना माहीत होतं. कुणी चकार शब्द काढला नाही. खासगीपणाच्या हक्कावर आमच्या सोसायटीत झालेलं पहिलं एकमत ते.

यानंतर काकांनी जी दुरुस्ती सुचवली, ती ऐकून वकीलबाईंनीही चष्मा काढला. ज्येष्ठ नागरिकांना चेहरा नोंदवण्यातून सूट असावी. ‘व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे,’ असं ते म्हणाले. खरक सिंग त्यांना आता पटला होता. मग आयटीतल्या एका सभासदानं त्याच न्यायानं सगळ्याच मालकांना सूट मागितली. आपल्याच घरात शिरायला आपण तोंड दाखवायचं म्हणजे काय! मालकांना म्हटल्यावर त्यांच्या बायकामुलांना. मुलांना म्हटल्यावर परदेशातून सुटीला येणाऱ्या नातवंडांना. कुणीतरी ड्रायव्हरचंही काढलं, पण ड्रायव्हरपाशी स्वातंत्र्य थांबलं.

शेवटी यंत्र बसवायचं ठरलं ते मावशी, ड्रायव्हर, दूधवाले, पेपरवाले आणि भाडेकरूंसाठी. मुलीनं हात वर केला. मत फक्त सभासदांना असतं, हे तिला सेक्रेटरींनी सौजन्यानं समजावलं. ठराव बहुमतानं मंजूर झाला. वकीलबाईंनी विरोध नोंदवून घ्यायला लावला आणि त्याची प्रत मागितली.

चेहरे नोंदवायला एका शनिवारी गेटपाशी रांग लागली. मावशींनी पदर सावरला, यंत्राच्या काचेत बघितलं, आणि हिरवा दिवा लागला तशा हरखल्याच. रेशनच्या दुकानात त्यांची नेहमी पंचाईत असते. भांडी घासून बोटांवरच्या रेषा पार गेल्यात, मशीन ओळखतच नाही, दर महिन्याला ताटकळत उभं राहायचं. आधारचा देशातला पहिला नंबर २०१० साली आपल्याच नंदुरबारातल्या टेंभलीत दिला गेला, पण मावशींच्या अंगठ्याचं गाडं अजून अडलेलंच आहे. “अंगठा कदी लागंना,” त्या मला म्हणाल्या, “तोंड तरी लागलं.”

सोमवारपासून यंत्र सुरू झालं. ज्यांना सूट होती, त्यांचे चेहरे अर्थातच त्यात नव्हते. ही बाब नऊपैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती. यंत्राला सूट वगैरे कळत नाही. त्याला ओळखीचा माणूस कळतो आणि अनोळखी कळतो. सकाळी दूधवाला आत गेला, पेपरवाला आत गेला, पिझ्झावर जगणाऱ्या तिघी आत-बाहेर करून मोकळ्या झाल्या. सेक्रेटरी बाहेरून आले तर काचेवर लाल अक्षरं: ‘अनोळखी व्यक्ती’. मामा पंप सुरू करायला मागे गेले होते. सेक्रेटरी बाहेर, त्यांच्यामागे खजिनदार, त्यांच्यामागे हातात कागदाचा पुडा धरलेले काका. पुड्याला तूप सुटलं होतं. वर गॅलरीत ‘ही’.

तेवढ्यात मावशी आल्या. रांग बघितली, काचेसमोर उभ्या राहिल्या, दांडा फिरला. मग मान मागे वळवून म्हणाल्या, “मी धरती दांडा. या एकेक करून. आन् काका, तो पुडा आदी पिशवीत घाला.”