पणजोबांची बढती

आमच्या पणजोबांना मेल्यानंतर जितक्या बढत्या मिळाल्या, तितक्या जिवंतपणी कुठल्याच फौजेत मिळत नसतील. आजोबांच्या सांगण्यात ते नाईक होते. वडिलांच्या तोंडी हवालदार झाले. थोरल्या काकांनी धायरीला बंगला बांधला, त्यावर 'सुभेदार निवास' अशी संगमरवरी पाटी लावली आणि विषय मिटवला. चुलतभावाच्या लग्नपत्रिकेत ते सुभेदार मेजर होऊन आले. आणखी दोन लग्नं झाली असती तर व्हाइसरॉयची खुर्ची धोक्यात होती.

यंदा काकांना पाटीखाली पलटणीचं नाव आणि साल कोरायचं होतं. काम माझ्यावर आलं, कारण घरात नुकताच निवृत्त झालेला मीच.

शेजारच्या नानांनी ऐकताक्षणी फर्मावलं, "पेशवे दफ्तरात जा." पुण्यात काहीही हरवलं की लोक पेशवे दफ्तर सुचवतात. तिथे मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत, कबूल. पण पेशवाई 1818 साली बुडाली आणि आमचे पणजोबा बोटीत चढले ते जर्मन युद्धात, म्हणजे पहिल्या महायुद्धात. मग कुणीतरी म्हणालं, लाहोरच्या संग्रहालयात 3 लाख 20 हजार शिपायांच्या नोंदी सापडल्यात. सापडल्यात खऱ्या, पण त्या पंजाबच्या. आमचं गाव सातारा जिल्ह्यात. खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत जाऊन आलो. हिरवळ इतकी सुरेख राखलीय की चपला हातात घ्याव्याशा वाटल्या. पण नावं सगळी मेलेल्यांची. बसऱ्याच्या स्मारकाचीही तीच गत, शिवाय तिथे हिंदी फौजेतल्या अधिकाऱ्यांची नावं कोरलीत आणि साध्या शिपायांचे पलटणवार नुसते आकडे. पणजोबा तर धडधाकट घरी आले, शेती केली, सहा मुलं वाढवली. स्मारकात शिरायची पहिली अटच त्यांनी मोडली.

राहिलं पदक. ते काकूंच्या ट्रंकेत, पैठणीच्या घडीत होतं. एका बाजूला पंचम जॉर्ज. दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला एक संपूर्ण उघडा माणूस, हातात आखूड तलवार, घोड्याच्या टापांखाली ढाल आणि कवटी, कडेला 1914 आणि 1918. लहानपणी आम्हा पोरांना वाटायचं, तो उघडा माणूस म्हणजे पणजोबाच. काकूंचं त्यावर ठरलेलं वाक्य होतं, "लढाईच्या गडबडीत कपडे घालायला वेळ मिळाला नसेल."

या पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते, हे मला वाचनातून कळलं होतं. आमच्या पदकाची कड शंभर वर्षांच्या काजळीने बुजलेली. काकूंनी पितांबरी घेतली, चिंचेचा कोळ घेतला आणि देवाची भांडी घासावीत तसं घासलं. सगळं घर भोवती. मी भिंग लावून कड फिरवत गेलो. आधी आकडे लागले. मग हुद्द्याची इंग्रजी अक्षरं. चारच होती. सुभेदार चार अक्षरांत बसत नाही हे काकांच्याही लक्षात आलं असावं, कारण ते एकदम पंखा वाढवायला उठले.

"कुक," मी वाचलं.

पलटणीचं नाव झिजून गेलं होतं. आणखी एक वाईट बातमी होती. घासल्यावर पदक तांबूस निघालं. लढणाऱ्या शिपायांना चांदीचं मिळालं. कांस्याचं मिळालं ते हमाल-मजुरांना आणि अशाच बिनलढाऊ माणसांना.

काका बराच वेळ गप्प होते. त्यांच्या कथेत पणजोबा इराकमधल्या कुतच्या वेढ्यात तुर्कांना तलवारीने कापत. कुतचा वेढा 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916, आत अडकलेली सहावी पूना डिव्हिजन, शेवटी सुमारे 13 हजार माणसं शरण. धान्य संपत आल्यावर घोडे कापले गेले, आणि पुष्कळ हिंदी शिपाई ते मांस तोंडाला लावेनात. पणजोबा कुतला होते याचा पुरावा नाही. पण असते, तर उपाशी पलटणीसमोर घोड्याचा रस्सा घेऊन उभा राहिलेला आचारी मला तलवारवाल्यापेक्षा जास्त शूर वाटला असता. हे मी बोलूनही दाखवलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचं मनात ठेवलं.

काकू मात्र खूश. "तरीच!" त्या म्हणाल्या. "या घराण्यातले पुरुष लग्नाच्या पंगतीत बसायच्या आधी भटारखान्यात डोकावून येतात. रक्तच तसलं."

"कुक म्हणजे किती माणसांचा?" काकांनी अखेर विचारलं. "अख्ख्या पलटणीचा ना? म्हणजे हाताखाली माणसं असणार. म्हणजे अधिकारीच."

पाटी तशीच आहे. रविवारी काका पदक रुमालात बांधून रविवार पेठेत गेले आणि चांदीचा मुलामा द्यायला टाकून आले. दुकानदाराने विचारलं म्हणे, त्या घोडेस्वाराला एखादं धोतर काढून देऊ का, वेगळे पैसे पडतील.

काका भाव विचारून आलेत.