विज्ञानाच्या तासाला ईद कशाला?

नमस्कार सर. विज्ञान शिकवताना मी मुलांच्या घरचे सण वर्गात आणतो, त्यावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे. तुम्ही म्हणता, गुरुत्वाकर्षण मालेगावात आणि नाशिकरोडला सारखंच, मग विज्ञानाच्या तासाला ईद-दिवाळी कशाला? आणि पंचांग वर्गात आलं की मागोमाग भविष्यही येणार.

चंद्राच्या कला शिकवायच्याच असतात. आकृती काढून, अमावास्या-पौर्णिमा पाठ करून घेऊन धडा उरकता येतो. मी त्याऐवजी मुलांच्या घरातलाच प्रश्न घेतो. रमजान 2018 साली मेच्या मध्याला लागला, 2026 साली फेब्रुवारीतच. दिवाळी मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडत नाही. दोन्ही चंद्रावरच ठरतात ना? मग मुलं गुणाकाराला बसतात. 29.53 दिवसांचा एक महिना, असे बारा म्हणजे 354 दिवस. सौर वर्षाला जवळजवळ 11 दिवस कमी. हिजरी वर्ष ही तूट भरून काढत नाही, म्हणून रमजान साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. पंचांग ती साठवतं आणि पावणेतीन वर्षांच्या आसपास अधिक महिना घालतं. (धोंड्याचा महिना म्हटलं की वर्गात जावयांवरून खसखस पिकते. पिकू द्यावी.)

‘त्यांचा सण दरवर्षी सरकतो’ हे चेष्टेत म्हटलं जायचं. हिशेब स्वतः केल्यावर त्यातली चेष्टा जाते. अडचण दोघांचीही एकच, तोडगे दोन, दोन्ही नियमाला धरून. बंधुभावावर भाषण दिलं असतं, तर पोरांनी बाकावर नावं कोरली असती.

आता भविष्य. गुरू सिंह राशीत आला की आपल्याकडे सिंहस्थ. गुरूची फेरी 11.86 वर्षांची, पुरती 12 ची नव्हे. म्हणूनच हरिद्वारचा 2010 नंतरचा कुंभ 2021 लाच आला. हे आकाशात बघून पडताळता येतं. पण याच गुरूमुळे लग्नं टिकतात का, हे कसं पडताळायचं? असं विचारलं की मुलंच वाट काढतात: पत्रिका जुळवून झालेली लग्नं आणि न जुळवता झालेली, दोन्ही मोजा. न जुळवणारी घरं लांब शोधायला नकोत, वर्गातल्याच मुस्लिम आणि ख्रिस्ती मुलांची असतात. पंचांग कपाटात ठेवलं असतं, तर हा प्रश्न निघालाच नसता.

प्रत्येक धड्याला हे जमत नाही, तेवढं तुमचं मान्य. विद्युतधारेच्या धड्यात संस्कृती शोधणं म्हणजे ओढूनताणून आणलेला प्रकार. तिथे मी ओहमचा नियम शिकवतो आणि गणितं घालतो.